कारागृहातील बंदी आणि त्याचे बालपण

कारागृहात दाखल होणाऱ्या प्रत्येक बंद्याची नोंद होते. नाव, वय, पत्ता, गुन्ह्याचे कलम, शरीरावरील ओळखीच्या खुणा या गोष्टी तीत येतात. त्याचे बालपण कसे गेले, याची चौकशी मात्र क्वचितच होते. शिक्षा देताना हा प्रश्न गौण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सुटून गेलेला माणूस पुन्हा त्याच दाराशी येऊ नये असे ज्या समाजाला वाटते, त्याला तो टाळता येत नाही.

अमेरिकेत सॅन डिएगो येथे १९९५ ते १९९७ या काळात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १७,००० हून अधिक प्रौढ व्यक्तींना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारले. मारहाण, पाणउतारा, लैंगिक अत्याचार, आबाळ, आईला होणारी मारझोड, घरातील व्यसन किंवा मनोविकार, आईवडिलांची फारकत, घरातील कोणी तुरुंगात जाणे, असे हे आघात होत. आघातांची संख्या जसजशी वाढते तसतसे व्यसन, विषण्णता, आत्महत्येचा प्रयत्न, इतकेच नव्हे तर हृदयविकार यांचे प्रमाणही वाढते, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. पाहणीतील बहुतेक लोक सुस्थितीतील होते. केवळ दारिद्र्याकडे बोट दाखवून हा विषय संपत नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

ब्रिटनमधील वेल्स प्रांतातील एका कारागृहात पुरुष बंद्यांची अशीच पाहणी झाली व ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. दहांपैकी आठांहून अधिक बंद्यांच्या वाट्याला असा किमान एक आघात आला होता, तर जवळजवळ निम्म्यांच्या वाट्याला चार किंवा अधिक. तेथील सर्वसाधारण लोकांत चार वा अधिक आघातांचे प्रमाण शेकडा १२ च्या आसपास आहे.

यामागील कारण शरीरातच आहे. संकट दिसताच मेंदू शरीराला लढण्यास अथवा पळण्यास सज्ज करतो. छाती धडधडते, स्नायू ताठरतात. संकट टळले की सारे पूर्ववत होते. पण ज्या मुलाच्या घरात संध्याकाळी दारूच्या नशेत येणारे पाऊल रोजच वाजते, त्याच्या बाबतीत ही सज्जता ओसरतच नाही. असे मूल समोरच्या चेहऱ्यावरील राग इतरांपेक्षा लवकर टिपते आणि राग नसतानाही तो आहे असे समजू लागते. घरात हे कौशल्य त्याला वाचविते. पुढे शाळेत, बाजारात, नोकरीच्या जागी तेच त्याच्यावर उलटते. एक शब्द, एक धक्का, आणि विचार करण्यापूर्वीच हात उठलेला असतो.

अर्थात, आघात सोसलेली बहुसंख्य मुले गुन्हेगार होत नाहीत. शिवाय ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचे दुःख गुन्हेगाराच्या बालपणाने कमी होत नाही. कारण सांगणे म्हणजे दोषमुक्त करणे नव्हे. हा भेद न केल्यामुळेच करुणा हा शब्द उच्चारताच अनेकांच्या कपाळाला आठी पडते.

कारागृहातील दिनक्रम मात्र नेमका जुन्या जखमेवर बोट ठेवणारा असतो. दरडावणी, अंगझडती, दाटीची बराक, अचानक वाजणारी कुलपे यांतून त्या मनाला बालपणीचीच शिकवण पुन्हा मिळते. यांतील सर्वच गोष्टी टाळता येणार नाहीत. परंतु झडतीपूर्वी दोन शब्दांत कल्पना देणे, नावाने हाक मारणे, दिलेला शब्द पाळणे यांस खर्च लागत नाही. देशातील बंद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बंदी २०२२ च्या अखेरीस न्यायाधीन होते. त्यांचा अपराध सिद्धही झालेला नव्हता, हेही विसरता कामा नये.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. तत्कालीन औंध संस्थानात १९३९ साली मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून व राजेसाहेबांच्या पाठिंब्याने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. भिंतीऐवजी शेती आणि कोठडीऐवजी कुटुंब, असा तो प्रयोग होता. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे त्याचीच प्रेरणा होती. चित्रपट सर्वांना आठवतो, वसाहत फारशी कोणाला आठवत नाही.

कुटुंबाचा मुद्दा येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. वर दिलेल्या आघातांच्या यादीत घरातील माणूस तुरुंगात जाणे हाही एक आघात आहे. म्हणजे बापाची शिक्षा लेकराच्या खात्यावरही जमा होते. म्हणून राज्यातील कारागृहांत 'गळाभेट' उपक्रमातून मधली जाळी दूर करून बंद्यांना मुलांना जवळ घेऊ दिले गेले, तेव्हा सवलत बंद्याला मिळाली तरी मोठा लाभ मुलांचा झाला. आईसोबत कारागृहात राहणाऱ्या सहा वर्षांखालील मुलांच्या आहार, आरोग्य व शिक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सविस्तर निर्देश दिले, तेही याच जाणिवेने.

हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. बिकट परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले चांगली निपजली. त्यांच्या आयुष्यात जिव्हाळा लावणारे निदान एक मोठे माणूस होते, मग ती आजी असो, शेजारी असो की शिक्षक.

असे माणूस गावातच असते. शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि १०९८ या क्रमांकावर कोणालाही संकटातील मुलासाठी मदत मागता येते. सरपंचाच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीच्या बैठकीत, गावातील कोणत्या घरचा कर्ता माणूस कारागृहात आहे आणि त्याची मुले शाळेत येतात की नाही, एवढी विचारणा झाली तरी पुष्कळ उलगडा होईल. अशा मुलांना बालसंगोपन योजनेचा आधार मिळू शकतो. अर्ज भरण्यास मुलांच्या आईला अंगणवाडीसेविकेने किंवा शिक्षकाने साहाय्य करावे. कारण लोकलाजेमुळे ती स्वतः होऊन कचेरीची पायरी चढेलच असे नाही.