पायांच्या मुंग्या आणि रोगाचें निदान

शिरवळच्या बाजारांत ‘पायांना मुंग्या आल्या’ असें कोणीं म्हटलें, तर ऐकणारा ‘पाय झाडा, म्हणजे जातील’ असें सांगेल. आणि बहुधा तें खरेंही ठरेल. परंतु मुंग्या दोन्ही पायांना एकदमच आल्या, दुसऱ्या दिवशीं जिना चढवेना आणि तिसऱ्या दिवशीं हातांतला तांब्या निसटूं लागला, तर तो अशक्तपणा समजून टॉनिकची बाटली आणणें धोक्याचें आहे.

सन २०२५ च्या जानेवारींत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडील नांदेड, किरकटवाडी, धायरी ह्या भागांत असे रोगी एकामागून एक आढळूं लागले. संशयितांची संख्या २०० च्या वर गेली. हा गियां-बारे विकार. वृत्तपत्रांनीं त्यास ‘जीबीएस’ म्हटलें. सन १९१६ मध्यें गियां, बारे व स्ट्रोल ह्या फ्रेंच वैद्यांनीं दोन शिपायांच्या आजारावरून त्याचें वर्णन केलें होतें. पुण्यांतील कांहीं रोग्यांच्या शौचांत कॅम्पिलोबॅक्टर नांवाचा जंतु सांपडला व संशय पिण्याच्या पाण्यावर गेला.

जुलाबाचा जंतु पाय कसे लुळे करतो? त्याच्या बाह्य आवरणांतील कांहीं द्रव्यें आपल्या मज्जातंतूंतील द्रव्यांशीं मिळतीं-जुळतीं असतात. शरीराचे रक्षक जंतूशीं लढतां लढतां स्वतःच्याच तंतूंवर हत्यार उगारतात. पोट बरें झालें, म्हणून रोगी निश्चिंत होतो. आणि एक ते तीन आठवड्यांनीं पाय गळूं लागतात.

ह्या विकारांत केवळ हातपायच सांपडतात असें नाहीं. हृदयाची गति, रक्ताचा दाब, घाम, लघवी व आंतड्यांची हालचाल आपल्या इच्छेवांचून चालविणारे तंतूही बिघडतात. नाडी अकारण धांवते, दाब घटकेंत चढतो, घटकेंत उतरतो. अशा माणसास ‘मनानें घेतलें आहे’ म्हणून घरीं ठेवणें हा त्याच्यावर घोर अन्याय होय.

डॉक्टर गुडघ्याखालीं लहान हातोडी मारून पाहतात. पाय उडाला नाहीं, तर संशय बळावतो. पाठीच्या कण्यांतून काढलेल्या पाण्यांत प्रथिनें वाढलेलीं, पण पेशी न वाढलेल्या आढळतात. मात्र पहिल्या आठवड्यांत हें पाणी निर्दोषही दिसूं शकतें. श्वास घटतो आहे काय, हें पाहण्यासाठीं रोग्यास एका दमांत वीसपर्यंत अंक मोजावयास सांगतात. दम पुरेनासा झाला, तर कृत्रिम श्वासाचें यंत्र असलेलें रुग्णालयच हवें.

नीरेकांठच्या खेड्यांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. रात्रीं जमिनीवर निजलेल्या माणसास मण्यार चावली, तर दंशाची खूण बहुधा दिसतही नाहीं. पहांटे पोटांत कळ येते, पापण्या मिटूं लागतात, गिळवेनासें होतें. मण्यारीचा लुळेपणा डोळ्यांपासून खालीं उतरतो. गियां-बारेचा बहुधा पायांपासून वर चढतो. मण्यारीस सर्पविषावरील लस, गियां-बारेस प्रतिद्रव्यांचीं इंजेक्शनें किंवा रक्तांतील द्रव बदलणें. उपचार सर्वस्वी निराळे. म्हणून रात्रीं कोठें निजला, गेल्या महिन्यांत जुलाब झाले होते काय, हें डॉक्टरांस न विचारतां सांगावें.

महिनोन् महिने हळूहळू वाढणाऱ्या मुंग्यांचा प्रकार वेगळा. तेथें मधुमेह व जीवनसत्त्व बी-१२ ची उणीव पाहावी. आणि अंगावर घाम न येणारा, स्पर्श न कळणारा चट्टा असल्यास कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्यावरील औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें.