कोण होते हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर?

झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू... ही नावं घरातल्या आजोबांसमोर काढून बघा! त्यांचे जनक बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६), खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जपानमध्ये रहस्यकथेचा पाया घालणारे एदोगावा राम्पो हेही टोपणनावच, एडगर अॅलन पो यांच्यावरून बेतलेलं. पण राम्पो यांच्या नावाचा पुरस्कार तिथे १९५५ पासून दिला जातो. १९८५ मध्ये तो कीगो हिगाशिनो यांना मिळाला. करीनाचा 'जाने जां' त्यांच्याच कादंबरीवरचा. आपल्याकडे समीक्षकांनी अर्नाळकरांना फारसं मोजलंच नाही. वाचकांनी मात्र हलक्या कागदावरची ती पुस्तकं हाताळून पार झिजवली. माळ्यावर एखादी प्रत सापडली, तर रद्दीत घालण्याआधी १८४० पासूनच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा.