चालायचे बूट : नंबर, मऊपणा आणि काही पक्के गैरसमज

रोज चालायला सांगितलं की माणूस पहिल्याच आठवड्यात बुटांच्या दुकानात जातो. खुर्चीत बसून नंबर सांगतो, समोर आलेला जोड पायात घालतो, अंगठ्यापाशी पुढून दाबून बघतो आणि पैसे देऊन बाहेर पडतो. काही महिन्यांनी टाच ठणकते, करंगळीवर कुरूप येतं आणि दोष जातो वयाला किंवा वजनाला. मग चालणंच सुटतं, याचं फार वाईट वाटतं; कारण यातली पुष्कळ दुखणी चुकीच्या मापाच्या बुटांनी आणलेली असतात. बूट घेताना भरवसा ठेवायचा तो आपल्या पावलाच्या मापावर. त्याच्या आड येणाऱ्या काही समजुती तपासून पाहू.

‘माझा नंबर आठ आहे’

नंबर सांगतो फक्त लांबी. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारे 8.5 मिलिमीटर. पाऊल किती रुंद आहे, वरून किती उंच आहे, हे त्यातून कळत नाही. शिवाय प्रत्येक कंपनीचा साचा निराळा, त्यामुळे एकीचा 8 दुसरीच्या साडेसातएवढा निघतो. ऑनलाइन मागवताना आणखी एक घोळ होतो. पुरुषांच्या बुटांत अमेरिकी नंबर ब्रिटिश नंबरापेक्षा साधारण एकाने जास्त असतो आणि डब्यावर बहुधा दोन्ही छापलेले असतात.

रुंदीचा प्रश्न तर आपल्याला जास्तच छळतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावलं त्रिमितीय स्कॅनरने मोजली. युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा भारतीयांची पावलं रुंद असतात, असं त्यात दिसलं आणि त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. परदेशी मापांवर बेतलेल्या बुटात चवडा आवळला की आपण एक नंबर मोठा घेतो. इथे दुसरी चूक होते. बूट लांब होतो, टाच आत वरखाली होऊन घासते आणि बूट जिथे वाकायला हवा ती जागा चवड्याच्या पुढे सरकते. रुंद पावलाला रुंद बूटच लागतो. काही कंपन्या 2ई, 4ई अशा रुंदीचे जोड विकतात. दुकानदाराला विचारा, तो आपणहून क्वचितच काढतो.

माप घरीच घेता येतं. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. कोरा कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला लावून त्यावर उभे राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पाऊल आखायला सांगा. बसून घेतलेलं माप कमी भरतं. वजन पडलं की पाऊल पसरतं. दोन्ही पाय आखा. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, बूट त्याच्या मापाने घ्यायचा. तो कागद घेऊन दुकानात जा, बुटाचा इनसोल बाहेर काढा आणि आखणीवर ठेवा. चवड्याची रेष इनसोलच्या बाहेर जात असेल, तर तो जोड पायात घालूनही बघू नका. लांबीला सगळ्यांत लांब बोटापुढे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जागा राहायला हवी. ते बोट अंगठाच असतो असं नाही, अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोट जास्त लांब असतं.

एकदा घेतलेलं माप जन्मभर पुरत नाही. वयानुसार पायातले अस्थिबंध सैलावतात आणि पाऊल पसरतं. गरोदरपणातही कमान थोडी बसते, पाऊल लांबतं आणि कित्येक जणींचं ते बाळंतपणानंतर पूर्ववत होत नाही. लग्नाआधीचा नंबर चाळिशीत सांगणाऱ्या बाईचे पाय दुखले तर त्यात नवल नाही.

‘जितका मऊ तितका आरामदायी’

दुकानात पाय घातल्याबरोबर मेमरी फोम सुखावतो, हे खरं. पण तासभर चालल्यावर तोच मऊपणा पायाला स्थिर राहण्यासाठी जास्त कष्ट करायला लावतो. कॅनडात स्टीव्हन रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी वयस्क पुरुषांचा तोल वेगवेगळ्या सोलांवर तपासला. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पातळ आणि टणक सोलवर तोल चांगला राहिला, जाड आणि मऊ सोलवर बिघडला. घरातल्या आजी-आजोबांसाठी ‘एकदम गादीसारखे’ बूट आणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आधार असलेला बूट हातानेच ओळखता येतो. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबा. तो सहज आत गेला तर टाच धरून ठेवायचं काम तो करणार नाही. पुढचं टोक वर वाकवा. बूट चवड्यापाशी वाकायला हवा. मधोमध घडी पडली तर परत ठेवा. मग दोन्ही टोकं धरून टॉवेल पिळतो तसा पिळा. थोडा विरोध झालाच पाहिजे. आणि नाडीचा घ्या. पाय नुसता सरकवता येणारे बूट सोयीचे असतात, पण रोजच्या लांब चालण्यात टाचेला घट्ट धरते ती नाडीच. वाकता येत नसेल तर वेल्क्रोचा पट्टाही चालतो.

‘पाय सपाट आहे, म्हणजे खास बूट लागणार’

ओल्या पायाचा ठसा पाहून बूट सुचवण्याची पद्धत आजही चालते. अमेरिकी लष्कर, हवाई दल आणि मरीन दलाच्या प्रशिक्षणार्थींवर हे तपासून पाहिलं आहे. काहींना पावलाच्या कमानीनुसार बूट दिले, काहींना सरसकट एकाच प्रकारचे. कमानीनुसार बूट दिल्याने दुखापतींचं प्रमाण कमी झालं नाही. कॅल्गरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी पायांचा आणि बुटांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचा भर पायाला जो बरा वाटतो तो बूट निवडण्यावर आहे. म्हणून सपाट पाय दुखत नसेल तर त्याच्या मागे लागू नये. मात्र मोठेपणी एकाच पायाची कमान बसत चालली असेल आणि घोट्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ते काम बुटाचं नाही.

धावण्याचे बूट चालायला चालतात का? खुशाल चालतात. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट जोर पडतो, चालताना तो वजनाहून थोडाच जास्त असतो. त्यामुळे सर्वांत जाड, सर्वांत महाग सोलचे पैसे चालणाऱ्याने मोजण्याची गरज नाही.

‘वापरून सैल होईल’

चामडं थोडं सैलावतं, कृत्रिम कापड आणि रेक्झिन जवळपास नाही. दुकानात चावणारा बूट घरीही चावतो. पायमोजे घालून, दोन्ही पाय, दुकानात दहा मिनिटं चालून बघायला लाजू नका. आणि आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालायला निघताना कोरा जोड पायात घालू नका. महिनाभर आधी घेऊन रोजच्या वाटेवर वापरलेला बूटच वारीला न्यावा. पायांना फोड आले की वारकऱ्याची पुढची वाट वेदनेत जाते.

‘फारसे वापरलेच नाहीत, नवेच आहेत’

हा गैरसमज मुंबई-कोकणात विशेष महाग पडतो. पुष्कळ बुटांचे सोल पॉलियुरेथेनचे असतात. हवेतल्या बाष्पाने या पदार्थाची रासायनिक साखळी हळूहळू तुटते आणि कपाटात नुसते ठेवलेले बूटही खराब होतात. तीन-चार वर्षांनी काढून घातले की भर रस्त्यात सोलचे तुकडे पडतात. दुकानदाराने जुना माल दिला असेल तर हे आणखी लवकर घडतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवणं याला मदतच करतं. ईव्हीए फोमचे सोल असे भुगा होत नाहीत, पण दबून बसतात. साधारण 500 ते 800 किलोमीटर चालल्यावर बूट बदलावा असं सांगतात. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्याचा जोड तीन-साडेतीन महिन्यांत त्या टप्प्याच्या सुरुवातीला पोहोचतो. टेबलावर ठेवून मागून बघा. बूट एका बाजूला कलला असेल तर त्याचे दिवस भरले.

पावसात भिजलेल्या बुटांचा इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि पंख्याखाली वाळवावेत. कडक उन्हात फोम आकसतो, डिंक सुटतो.

‘अनवाणी चालणं सगळ्यांत चांगलं’

निरोगी पायाने हिरवळीवर थोडं अनवाणी चालायला हरकत नाही. पण मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेल्या माणसाला तोच सल्ला देणं धोक्याचं आहे. वेल्लोरला 1946 मध्ये आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या अशाच बधिर पायांवर काम करताना दाखवून दिलं, की जखमा आपोआप सडून होत नाहीत. न जाणवलेल्या टोचण्याने आणि दाबाने त्या होतात. तळव्यावरचा दाब सगळीकडे वाटून देणारी मायक्रोसेल्युलर रबराची पादत्राणं वेल्लोरमध्येच रुळली. आज मधुमेहींना सांगितली जाणारी एमसीआर चप्पल तीच. तिलाही मागे पट्टा हवा, नाहीतर ती बोटांनी धरून चालावं लागतं.

तुम्हाला किंवा घरात कोणाला मधुमेह असेल, तर बूट घालण्याआधी दर वेळी आत हात फिरवून बघा, खडा किंवा दुमडलेली शिवण लागते का. चालून आल्यावर तळवे उजेडात पाहा, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा. लाल डाग किंवा फोड दिसला तर दुखत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.