सुरतचं बिल आणि तुमचा नफा: परराज्यातून माल घेताना पैसे कुठे अडकतात?

परराज्यातून माल आणण्याच्या व्हिडिओत आकडे जरा पटापट गेले, म्हणून तेच इथे शांतपणे लिहून देतोय. नव्या दुकानदारांची नेहमीची तक्रार असते, "सुरतला माल स्वस्त म्हणून गेलो, पण टॅक्स धरून हिशोब केला तर हातात फारसं उरलंच नाही." चीड येणं साहजिक आहे. पण पुष्कळदा अडचण टॅक्सच्या दरात नसते, बिलात असते.

आधी मूळ गोष्ट. २०१७ च्या जुलैपर्यंत परराज्यातल्या खरेदीवर केंद्रीय विक्रीकर लागायचा. सी फॉर्म दिला तर २ टक्के, पण त्याचं क्रेडिट नाही. तो सरळ खर्चात धरायचा. आता त्या जागी आयजीएसटी आहे आणि तो वजा करून मिळतो. राज्यातल्या राज्यात तोच टॅक्स अर्धा सीजीएसटी, अर्धा एसजीएसटी असा लागतो. एकूण दर सारखाच.

आकड्यांत बघू

समजा, तुमचं साताऱ्यात साड्यांचं दुकान आहे आणि जीएसटी नोंदणी आहे. सुरतहून १,००,००० रुपयांच्या साड्या घेतल्या. ५ टक्क्यांनी आयजीएसटी ५,००० रुपये. तोच माल तुम्ही १,३०,००० ला विकला, वर ग्राहकाकडून ६,५०० टॅक्स घेतला. त्यातून ५,००० चं क्रेडिट वजा, सरकारला भरायचे फक्त १,५००. तुमचे ३०,००० शाबूत (दुकानाचा खर्च वेगळा).

आता तिथल्या व्यापाऱ्याने लोकल बिल फाडलं असं धरा: २,५०० सीजीएसटी आणि २,५०० गुजरातचा एसजीएसटी. हे क्रेडिट महाराष्ट्रातल्या नोंदणीवर मिळत नाही. मग पूर्ण ६,५०० भरा. म्हणजे ३०,००० मधले ५,००० एका चुकीच्या बिलापायी गेले! सणाच्या सीझनला अशा चार फेऱ्या झाल्या तर २०,००० चा खड्डा.

तुम्ही नेमके कुठे बसता?

• नोंदणी नसेल तर परराज्यात भरलेला टॅक्स हा तुमचा खर्चच. वरच्या उदाहरणात माल १,०५,००० ला पडला असं धरूनच भाव ठरवा.

• कंपोझिशनमध्ये असाल तरी क्रेडिट नाही. वर व्यापाऱ्याला उलाढालीवर १ टक्का खिशातून भरावा लागतो, तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही. परराज्यातून माल आणता येतो, पण परराज्यात विकता येत नाही.

• नियमित नोंदणी असेल तर क्रेडिट मिळतं, पण कागद नीट हवेत.

आणखी एक. वस्तूंच्या व्यापारात आपल्याकडे ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे सगळे सांगतात. पण तुम्ही बेळगावच्या गिऱ्हाइकाला कुरिअरने साडी पाठवायला लागलात, की ती परराज्यातली विक्री झाली. तिथे साधारणपणे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. इन्स्टाग्रामवर विकणाऱ्या ताईंनो, हे विशेष लक्षात ठेवा.

पैसे देण्याआधी एवढं तपासा

१. ऑर्डर देतानाच आपला जीएसटी नंबर द्या. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, गुजरातचा २४ ने, कर्नाटकचा २९ ने.

२. माल ट्रान्सपोर्टने थेट दुकानाच्या पत्त्यावर मागवा. काउंटरवरून पिशवीत भरून आणलात की लोकल बिल मिळण्याचा धोका वाढतो.

३. बिलावर आयजीएसटी आहे ना, बघा. नसेल तर तिथेच बदलून घ्या. घरी आल्यावर फोनवर "पुढच्या वेळी बघू शेठ" हेच ऐकावं लागतं.

४. परराज्यातून येणारा माल ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं. ते कोण काढणार, हे आधीच ठरवा.

५. पुढच्या महिन्यात जीएसटीआर-२बी उघडून ते बिल आलंय का, पाहा. व्यापाऱ्याने रिटर्नमध्ये दाखवलंच नाही, तर हातात बिल असूनही क्रेडिट अडकतं.

आणि भावाची तुलना करताना गाडीभाडं, हमाली, तुमचा गेलेला दिवस आणि न मिळणारा टॅक्स, सगळं धरा. कधी कधी इचलकरंजीचा माल कागदावर महाग दिसतो, पण घरपोच स्वस्त पडतो. तुमच्या शेवटच्या खरेदीचं बिल आजच काढा आणि टॅक्सचा रकाना वाचा. शंका वाटली तर रिटर्न भरण्याआधी आपल्या सीएंना दाखवा, नंतर नाही.