संलयन भट्टीतील शीतपंप
जोयड्याशेजारच्या कैगा केंद्रात अणूच्या विखंडनातून वीज मिळते. याउलट संलयनात ड्यूटेरियम व ट्रिटियम जुळून हेलियम तयार होतो. हा हेलियम आणि उरलेले इंधन भट्टीतून सतत उपसावे लागते. ट्रिटियम किरणोत्सारी असल्याने तेलाचे पंप चालत नाहीत; तेल दूषित होते. म्हणून भारत भागीदार असलेल्या, फ्रान्समधील ‘इटर’ प्रकल्पाच्या भट्टीसाठी सहा शीतपंपांची योजना आहे. त्यांची पाती उणे २६८ अंश सेल्सिअसखाली ठेवतात. तिथे बहुतेक वायू गोठतात, हेलियम मात्र नाही. त्यासाठी पात्यांवर नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा बसवतात. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत हेलियम अडकतो. भोवतीचे ८० केल्विनचे कवच उष्णता रोखते. पंप भरला की झडप मिटून पाती तापवतात, सुटलेला वायू काढून घेतात आणि पाती पुन्हा थंड करतात. सहा पंपांत हे आळीपाळीने होत असल्याने उपसा अखंड राहतो.