निवासी अध्ययन-समूह : परिणाम कसा मोजावा?

वसतिगृहांचे महत्त्व महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र राहता येईल असे वसतिगृह उघडले. राहण्याजेवणाची सोय झाल्यावाचून खेड्यातील मुलाला पुढचे शिक्षण मिळणे कठीण, ही त्यामागील जाण होती. अमेरिकेत मात्र यापुढचा प्रश्न विचारला गेला : एकच अभ्यासक्रम घेणारे विद्यार्थी एकत्र राहिले आणि शिक्षकही त्याच इमारतीत भेटू लागले, तर त्यांच्या शिक्षणात काय फरक पडतो?

विस्कॉन्सिन विद्यापीठात अलेक्झांडर मायकलजॉन यांनी १९२७ साली असा प्रयोग केला. अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. पहिल्या वर्षी प्राचीन अथेन्स आणि दुसऱ्या वर्षी आधुनिक अमेरिका. विद्यार्थ्यांची संख्या घटत गेली व १९३२ साली प्रयोग बंद पडला. परंतु कल्पना टिकली. पुढे अनेक विद्यापीठांनी असे निवासी अध्ययन-समूह स्थापन केले.

२००४ साली कॅरन इंकेलास यांच्या नेतृत्वाखाली ३४ शिक्षणसंस्थांत त्यांची व्यापक पाहणी झाली. ज्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी पूर्वी कोणीच चढले नव्हते, अशा विद्यार्थ्यांबाबतचा निष्कर्ष आपल्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. साध्या वसतिगृहात राहणाऱ्या तशाच विद्यार्थ्यांपेक्षा अध्ययन-समूहातील विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन जीवनात रुळणे सोपे गेले, असे त्यांच्या उत्तरांवरून दिसून आले.

तथापि येथे एक मोठी अडचण आहे. अशा समूहात नाव घालणारा विद्यार्थी मुळातच अधिक उत्साही असू शकतो. मग श्रेय वसतिगृहाचे की विद्यार्थ्याचे? शिवाय विद्यार्थ्याने स्वतःविषयी दिलेले उत्तर म्हणजे परीक्षेचा निकाल नव्हे.

या अडचणीवर डार्टमथ महाविद्यालयातील व्यवस्थेने वाट दाखविली. तेथे नव्या विद्यार्थ्यांकडून धूम्रपान, जागरण, नीटनेटकेपणा अशा सवयींची माहिती घेत आणि तिच्या आधारे केलेल्या गटांत खोलीतील सोबती जणू चिठ्ठ्या टाकून ठरवीत. सोबत्याची निवड विद्यार्थ्याच्या हाती नसल्याने तुलना निर्दोष झाली. ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार सोबत्याचा प्रभाव पहिल्या वर्षाच्या गुणांवर व विद्यार्थी-मंडळात सामील होण्यावर पडतो. मुख्य विषयाच्या निवडीवर मात्र तो आढळला नाही.

गुणवत्ता यादीवरून प्रवेश देणाऱ्या वसतिगृहाचा निकाल चांगला लागला, तर तो गृहपालांच्या कामाचा पुरावा आपोआप ठरत नाही. त्यासाठी प्रवेशाच्या वेळचे गुण नोंदवावे लागतात. जागांपेक्षा अर्ज अधिक असतील तेथे समान पात्रतेच्या अर्जदारांत सोडत काढून, प्रवेश न मिळालेल्या मुलामुलींची प्रगतीही दोन-तीन वर्षे तपासावी लागते.