बांगडो खय गेलो?

मालवणच्या बाजारात एखाद्या सकाळी बांगडा आला नाही, तर ती बातमी मासळीच्या ओट्यावर थांबत नाही. बर्फाच्या कारखान्यात लाद्या पडून राहतात. घाटावर जाणारा टेम्पो अर्धा रिकामा निघतो, नाहीतर निघतच नाही. डोक्यावर पाटी घेऊन वाडीवाडीत फिरणाऱ्या बाईची पाटी हलकी होते. खानावळीच्या फळ्यावरची ‘बांगडा थाळी’ ओल्या फडक्याने पुसली जाते. किराणा दुकानदार उधारीची वही काढून बसतो, आणि हंगामाच्या भरवशावर कर्ज काढून होडीला नवं इंजिन बसवलेला माणूस हप्त्याची तारीख बोटांवर मोजू लागतो. देवबागपासून आचऱ्यापर्यंत सगळीकडे तेच चार शब्द ऐकू येतात : ‘औंदा बांगडो गावाक नाय.’

अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला मंदी म्हणतात. पण शेअर बाजारातल्या मंदीचा माग काढायला कागदपत्रं चाळावी लागतात. या मंदीचा माग काढायचा तर समुद्राच्या तळाशी उतरावं लागतं, श्रीलंकेला वळसा घालावा लागतो आणि शेवटी कॅलिफोर्नियातला चिखल उकरावा लागतो. ही वाट भलतीच मौजेची आहे.

आधी बांगडा येतो कुठून ते पाहू. बांगडा आणि त्याची सोयरी तारली हे दोघे समुद्रातले चाळणीवाले. तोंड उघडून पोहायचं आणि कल्ल्यांतल्या बारीक काट्यांच्या चाळणीत तरंगणारे सूक्ष्म जीव अडकवायचे, हा त्यांचा धंदा. हे सूक्ष्म जीव उन्हावर जगतात. पण नुसतं ऊन पुरत नाही, खतही लागतं. समुद्राचं खत असतं खोल, थंड, काळोख्या पाण्यात. वर ऊन आहे पण खत नाही, खाली खत आहे पण ऊन नाही. शेतात बियाणं एका बांधावर आणि पाणी दुसऱ्या बांधावर असावं, तशी ही गत.

ही गाठ घालून देतो आपला पाऊस. नैऋत्य मोसमी वारा पश्चिम किनाऱ्याशी आला की त्याला किनाऱ्यालगत, उत्तरेकडून दक्षिणेकडे जाण्याचा कल मिळतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी सरळ न जाता उजवीकडे सरकतं, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर. वरचं पाणी बाहेर गेलं की त्याची जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं, आणि येताना खत घेऊन येतं. हे दक्षिण टोकाशी आधी सुरू होतं, मग हळूहळू उत्तरेकडे चढत कोकणाकडे येतं. त्याहून नवल असं की सगळं श्रेय इथल्या वाऱ्याचं नाही. बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्यांनी जागवलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिमंद लाटा श्रीलंकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्याला येतात आणि खालचं पाणी वर यायला हात लावतात. मालवणच्या कढईतल्या बांगड्याचं देणं थोडं पूर्व किनाऱ्याकडेही लागतं!

वर येणाऱ्या या पाण्यात एक खोटही असते : त्यात प्राणवायू फार कमी असतो. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था शेजारच्या गोव्यात, दोनापावलाला आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात मोजून पाहिलं, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला तळाशी प्राणवायू जवळजवळ संपलेला आढळला. तळाशी श्वास घेता येत नाही म्हणून मासळी वरच्या आणि किनाऱ्याकडच्या पाण्यात दाटते. आपण ज्याला समुद्राचं औदार्य समजतो, त्यातला काही भाग माशांच्या घुसमटीचा असतो.

एवढ्या साखळीतला एक दुवा हलला की काय होतं, ते तारलीने दाखवून दिलं आहे. २०१२ साली केरळात सुमारे ४ लाख टन तारली उतरली. २०२१ साली तिथे साडेतीन हजार टनही नीट भरली नाही. शंभर रुपयांची कमाई रुपयावर यावी तसं झालं. २०१५-१६ चा जबरदस्त एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराला चढणारा ताप, वाऱ्याचं आणि पाण्याचं गणित बिघडवून गेला होता, आणि त्याच्या जोडीला कोवळी तारली ओरबाडली गेली होती. मग २०२४ मध्ये केरळची तारली पुन्हा दीड लाख टनांच्या आसपास पोहोचली, पण मासा खुजा राहिलेला. तारली जगते जेमतेम अडीच वर्षं, आणि वर्षाच्या आत अंडी घालायला तयार होते. म्हणून ती कोसळतेही झटकन आणि सावरतेही झटकन.

यात सिंधुदुर्गाचा वाटा वेगळाच. तारली आणि बांगडा हे मूळचे दक्षिणेचे, मलबारच्या बाजूचे मासे. १९८० च्या दशकापासून त्यांनी उत्तरेकडे हातपाय पसरले, असं कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. समुद्र तापतोय तसतसा त्यांना मानवणारा पट्टा वर सरकतोय. मालवण आहे १६ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे या नव्या मुलुखात. एखाद्या साली इथे तारलीचे ढीग पडतात आणि भाव कोसळतो, तर एखाद्या साली किनाऱ्यावरून ओढलेली रापण रिकामी येते. दोन्ही वेळा घर चालवणाऱ्या बाईच्या पोटात गोळा येतो.

मग प्रश्न उरतो : मासळी अशी जातच-येतच असते, तर काळजी कशाची? जाणती माणसं म्हणतातच, समुद्र आहे, देईल पुन्हा. हे म्हणणं खरं की नुसती समजूत, याचं उत्तर सापडलं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत, सांता बार्बरा इथल्या समुद्रतळाच्या चिखलात. तिथे तळाशी प्राणवायू नाही, त्यामुळे चिखल ढवळणारे किडेही नाहीत. दरवर्षी एक पातळ थर बसतो आणि वहीच्या पानासारखा तसाच राहतो. माशांचे गळालेले खवले या पानांत जपले गेले. शास्त्रज्ञांनी तळात नळी खुपसून हा चिखल वर काढला, थर मोजले, खवले मोजले. सुमारे दोन हजार वर्षांचा तारलीचा हिशेब हाती आला. त्यात दिसलं की माणसाने मोठ्या प्रमाणावर जाळं टाकण्याच्या कितीतरी आधीपासून तारली भरभरून येत होती आणि दशकानुदशकं नाहीशी होत होती. समुद्राला स्वतःच्या तेजी-मंदी आहेत.

म्हणजे जाणत्यांचं खरं निघालं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं समजायला कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर जावं लागेल. पाच शतकं तिथली वस्ती कॉड नावाच्या माशावर जगली. १९८० च्या दशकात किनाऱ्याजवळ लहान होड्यांनी मासेमारी करणारे सांगू लागले की मासा कमी होतोय, लहान होतोय. सरकारी हिशेब मात्र बराचसा खोल समुद्रातल्या मोठ्या जहाजांच्या पकडीवर चालला होता, आणि ती पकड उत्तम होती. २ जुलै १९९२ रोजी कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार माणसांचं काम एका घोषणेत गेलं.

लहान होडीवाल्याला दिसलं ते मोठ्या जहाजाला का दिसलं नाही? याचं उत्तर चैत्रातल्या तळीत आहे. पाणी आटू लागलं की आधी काठ उघडा पडतो. काठावर कपडे धुणाऱ्या बाईला महिनाभर आधी कळतं की यंदा पाणी पुरणार नाही. मध्यभागी बादली टाकणाऱ्याची बादली मात्र शेवटपर्यंत भरून येते. थव्याने राहणारे मासे असेच वागतात. संख्या घटली तरी थवा विरळ होत नाही. तो दाटच राहतो, फक्त त्याचा मुलूख आकसतो. माशाचा थवा हुडकणारं यंत्र घेऊन फिरणाऱ्या बोटीला तो दाट थवा सापडतोच, आणि तिला वाटतं, समुद्र भरलेला आहे. रिकामा होतो तो काठ.

आपल्याकडे या काठावर उभा असतो रापणकर. एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते, दुसरं टोक लांबवर पुन्हा वाळूवर आणते, आणि मग दोन्हीकडून दोरावर माणसं लागतात. रापणकर माशामागे जात नाही. मासा त्याच्याकडे यावा लागतो. मच्छीमारीच्या साऱ्या तऱ्हांत ही सगळ्यात अगतिक, आणि म्हणूनच मोजमाप म्हणून सगळ्यात चोख. किनाऱ्यावरच्या पाण्यात मासा आहे की नाही, एवढंच ती सांगते. ‘गावाक नाय’ हे रडगाणं नसून तळीच्या काठावरचं माप आहे.

रापणीत आणखीही एक शहाणपण आहे. जाळं एकाचं नसतं. संघातल्या घराघराचे त्यात भाग असतात आणि मिळेल त्याची वाटणी होते. दोराला हात लावणाऱ्या वाटसरूच्या हातातही चार बांगडे पडतात. विमा कंपन्या जन्माला येण्याआधीपासून गाबीत मच्छीमारांच्या वस्त्यांनी समुद्राच्या लहरीवर काढलेला हा विमाच म्हणायचा. चांगला दिवस कोणालाच श्रीमंत करत नाही, पण वाईट दिवस कोणा एकट्याला बुडवतही नाही.

पर्ससीनचं गणित याच्या उलट. गोल जाळ्याने अख्खा थवा घेरायचा, खालून बटव्याच्या नाडीसारखं आवळायचं, आणि किनाऱ्याकडे येणारी मासळी वाटेतच उचलायची. यंत्रं महाग म्हणून कर्ज मोठं, कर्ज मोठं म्हणून थांबणं परवडत नाही. त्या बोटीवरचा खलाशीही पोटापाण्यासाठीच आलेला असतो, तोही हप्त्यालाच घाबरतो. पण काठ आणि मध्य यांचं भांडण अटळ होतं, आणि २०१५ मध्ये आचऱ्याच्या किनाऱ्यावर ते हातघाईवर आलं. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्य सरकारने पर्ससीनच्या परवान्यांवर मर्यादा घातली आणि त्यांचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा बांधला. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतावरची मासेमारी बंद केली. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, म्हणजे पिल्लांना एकदा तरी अंडी घालता यावीत. नियम कागदावर बरे आहेत. ते रात्रीच्या समुद्रात पाळले जातात की नाही, यावर किनाऱ्यावरच्या माणसाचा श्वास टांगलेला असतो.

‘मासळी नसली तर पर्यटन आहे की’, असं वरून सुचवणारे पुष्कळ. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि तारकर्ली-देवबागात घराघरांत पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या. होडी आता किल्ल्याकडे, डॉल्फिनकडे, प्रवाळाकडे माणसं नेते. याने कितीतरी घरं सावरली हे खरं. पण जरा कॅलेंडर पाहा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि त्याच पावसात पर्यटनाच्या होड्याही वाळूवर ओढलेल्या. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं, ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार आलं, मे २०२१ मध्ये तौक्ते. तिन्ही वेळा कमाईच्या दिवसांत, आणि अशा दिवसांत जाळी आणि पाहुणे एकदमच जातात. प्रवाळ पांढरं पडलं तर पाणबुड्याला बघायला काही उरत नाही आणि माशाच्या पिल्लांना लपायलाही. दोन धंदे दिसतात, पण दोघांच्या मुळाशी समुद्र एकच.

एकाच खुंटीवर संसार टांगण्याची धास्ती कोकणाला नवी नाही. आधीच्या पिढ्यांची खुंटी होती मुंबईचं गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि गावोगावच्या पोस्टमनची मनीऑर्डरची पिशवी रिकामी झाली. तेव्हाही आधी कळलं ते चुलीपाशी बसलेल्या बाईला, आकडेवारीला नंतर.

मुख्य अडचण ही की समुद्राची मंदी आणि माणसाने ओढवलेली मंदी, दोन्ही वाळूवर सारख्याच दिसतात : ओलं, रिकामं जाळं. पहिलीत धीर धरायचा असतो, दुसरीत हात आवरायचा असतो. चुकून उलट केलं तर न्यूफाउंडलंड होतं. फरक ओळखायला हवी लांबलचक नोंद. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळातला समुद्र हाच मूळचा समुद्र धरून चालते, त्यामुळे पिढीगणिक झालेली घट कोणाच्याच मोजणीत येत नाही. आजोबांचं ‘आमच्या वेळी’ नातू हसून सोडून देतो, आणि त्याबरोबर एक मोजमापही सोडून देतो.

कॅलिफोर्नियाला चिखलाने ही नोंद आयती दिली. आपल्याकडे ती दुसऱ्या ठिकाणी असू शकते. रापणीत वाटणी असते, आणि वाटणी आली की हिशेब आला : अमुक दिवशी इतकी मासळी, इतके भाग, लिलावात इतका भाव. घराघरांतल्या फडताळांत, पेटाऱ्यांत अशा जुन्या वह्या असतील, काही वाळवीने खाल्लेल्या, काही खाऱ्या हवेने पिवळ्या पडलेल्या. कोणी त्या गोळा करून, धूळ झटकून, साल-तिथीनुसार लावल्या, तर त्या खवल्यांच्या थरांसारख्याच वाचता येतील. बांगडा याआधी कधी, किती वर्षं रुसला होता आणि कोणत्या साली परतला, ते त्यात सापडेल. पुढच्या वेळी रिकाम्या रापणीपाशी कोणी ‘गावाक नाय’ म्हणालं, तर खाली तारीख घालून तेही त्या वहीत लिहून ठेवलेलं बरं.